बहुभाषिक ल्युथरन मंडळीत नव्या माणसाचं स्वागत: सोमवार ते रविवार, क्रमाक्रमानं

मुंबईतल्या ल्युथरन मंडळीत, म्हणजे मार्टिन ल्युथरच्या शिकवणीवर चालणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये, एकाच बाकावर रांचीकडची उरांव आदिवासी मुलगी, गुंटूरकडचे निवृत्त काका, धारावीत जन्मलेला तमिळ तरुण आणि लग्नानंतर या मंडळीत आलेली मराठी सून बसलेली असू शकते. अशा ठिकाणी नवं कुणी आलं की आपण दारात हात मिळवतो, माइकवरून 'आज आपल्यामध्ये पाहुणे आहेत' असं सांगतो, टाळ्या वाजवतो आणि स्वागत झालं असं धरून चालतो. तिसऱ्या रविवारी तो माणूस दिसत नाही. मग आपण म्हणतो, मुंबईत कुणाला वेळ नाही.

मी बरीच वर्षं दारावर उभी राहिले आहे. माणूस परत येत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा त्या आधीच्या आठवड्यात सापडतं. कागद छापलेला नसतो, बायबलचा पाठ कुठल्या भाषेत वाचायचा ते ठरलेलं नसतं, ट्रेन बंद असल्याचं कुणी कळवलेलं नसतं. म्हणून खालचा क्रम सोमवारपासून सुरू होतो. टप्पे गाळू नका आणि मागेपुढेही करू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

१. सोमवार-मंगळवार: मंडळीत कोण आहे ते लिहून काढा

एक साधी वही घ्या. प्रत्येक घरापुढे भाषेचे तीन रकाने पाडा: बोलते कुठल्या भाषेत, वाचते कुठल्या लिपीत, प्रार्थना करते कुठल्या भाषेत. 'मातृभाषा' असा एकच रकाना ठेवण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. धारावीतला तमिळ मुलगा घरी तमिळ बोलतो, मित्रांशी मुंबईची हिंदी बोलतो, शाळेत मराठी नाहीतर इंग्रजी वाचतो आणि प्रभूची प्रार्थना आजीकडून शिकला म्हणून ती तमिळमध्येच म्हणतो. त्याच्या हातात तमिळ लिपीतलं गीतपुस्तक दिलं तर तो ओठ हलवत उभा राहील. तेच गीत देवनागरीत लिहून दिलं तर तो गाईल.

चौथा रकाना वेळेचा. घरकामाला राहणाऱ्या मुलींना रविवारी ठरावीक तासांचीच सुटी असते. नर्स आणि वॉचमन यांची ड्यूटी फिरती असते. ज्यांना सकाळी येणं शक्यच नाही, त्यांना सकाळच्या भक्तीला (उपासनेला) 'का आला नाहीत' असं विचारण्यात अर्थ नाही.

तपासा: या वहीत जात, आडनावाचं मूळ किंवा पगार यांचा रकाना चुकूनही नको. पुढे कुणाच्या हाती ती पडली तरी कुणाची मान खाली जाता कामा नये.

२. बुधवार: पाठ, भाषा आणि उपदेश ठरवा

पाळकांकडून त्या रविवारचे पाठ बुधवारीच घ्या. जुना करार, पत्र आणि शुभवर्तमान असे तीन पाठ असतील तर ते तीन भाषांत वाटता येतात. एक नियम मात्र पाळा: शुभवर्तमानाचा पाठ त्या दिवशी सगळ्यांत जास्त लोकांना कळेल त्या भाषेत. बाकीचे दोन फिरते ठेवा, म्हणजे या रविवारी तेलुगू असेल तर पुढच्या रविवारी तमिळ किंवा मराठी. वाचणाऱ्याला दोन दिवस आधी सांगा. ऐन वेळी 'काका, तुम्ही वाचा' म्हणून हातात पुस्तक दिलं की काका अडखळतात, आणि त्या भाषेच्या सगळ्या घरांना ते लागतं.

इथे एक वाद हमखास निघतो: 'एकच भाषा ठेवा, सोपं पडेल.' असं म्हणणाऱ्यांना प्रेमानं सांगा की 1526 मध्ये जर्मन उपासनाक्रम काढताना खुद्द ल्युथरनं लॅटिन टाकून दिली नव्हती. आणि 1530 च्या आउग्सबुर्ग विश्वासांगीकाराचं, म्हणजे ल्युथरन विश्वास मांडणाऱ्या मूळ निवेदनाचं, सातवं कलम सांगतं की मंडळीच्या ऐक्याला सुवार्तेची शिकवण आणि संस्कार (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन) यांबद्दल एकमत असणं पुरे, माणसांनी घालून दिलेल्या रीती सगळीकडे सारख्या असण्याची गरज नाही. चाल, भाषा, गाण्याचा वेग हे सगळं त्या रीतींत मोडतं.

उपदेशाबद्दल माझं मत ठाम आहे. वाक्यागणिक भाषांतर करू नका. वीस मिनिटांचा उपदेश चाळीस मिनिटांचा होतो, दोन्हीकडची माणसं अर्धा वेळ वाट पाहत बसतात आणि उपदेशकाचा धागा तुटतो. त्याऐवजी उपदेशक गुरुवारी रात्रीपर्यंत दहा-बारा वाक्यांचा सारांश देईल, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. तो इतर दोन-तीन भाषांत करून अर्ध्या पानावर छापा. पहिल्या महिन्यात पाळकांना हे जड जातं. पुढे त्यांनाच त्याचा उपयोग वाटू लागतो, कारण काय सांगायचं ते गुरुवारीच ठरून जातं.

३. गुरुवार-शुक्रवार: उपासनेचा कागद

सगळ्यांत जास्त कष्ट इथे घ्या. ल्युथरन उपासनेकडे एक फार मोठी सोय आधीपासून आहे, आणि आपण ती वापरत नाही. पापांगीकार व पापक्षमा, 'प्रभो, दया कर', गौरवगीत, पाठ, विश्वासांगीकार (सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली), उपदेश, अर्पण, प्रभुभोजन, आशीर्वाद, हा मुख्य क्रम रांचीत असो, गुंटूरला असो की तिरुचिरापल्लीत, फारसा बदलत नाही. नव्या माणसाला शब्द कळले नाहीत तरी आपण कुठे आहोत हे कळलं, तर तो घरी आल्यासारखा बसतो. म्हणून कागदाचं काम एकच: प्रत्येक क्षणी 'आपण इथे आहोत' हे दाखवणं.

पद्धत अशी:

प्रत्येक भागाला आकडा द्या आणि सगळ्या भाषांच्या कागदांवर तोच आकडा ठेवा. पुढे एक फळा टांगा. भाग बदलला की एका मुलानं फळ्यावरचा आकडा बदलायचा. संडे स्कूलची मुलं हे काम आनंदानं करतात.

उभं राहणं आणि बसणं प्रत्येक भागापुढे स्पष्ट लिहा. नव्या माणसाची सगळ्यात मोठी धास्ती हीच असते की आपण एकटेच बसलेले राहू.

पुस्तकांची नावं दोन्ही प्रकारे लिहा. मराठीतलं 'मत्तय' हिंदीत 'मत्ती' होतं, 'गणना' हिंदीत 'गिनती' होते आणि 'प्रेषितांची कृत्ये' हिंदीत 'प्रेरितों के काम' होतात. हिंदी बायबल हातात असलेली मुलगी 'गणना' शोधत राहते आणि तोवर पाठ संपतो.

न बदलणारे भाग, म्हणजे प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार, सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या भाषेत म्हणावेत असं कागदावर छापा. पहिल्यांदा गोंगाट वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वेग आपोआप जुळतो. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटच्या ओळी, राज्य, पराक्रम आणि गौरव यांच्या, मात्र पूर्ण छापा. वसईकडच्या किंवा इतर कॅथलिक घरातून आलेला माणूस सवयीनं 'वाइटापासून सोडव' इथे थांबतो आणि बाकीचे पुढे जातात. कागदावर ओळ असली की त्याला चुकल्यासारखं वाटत नाही.

सावध: दहा आज्ञा छापत असाल तर आकडे बघून घ्या. ल्युथरच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत (विश्वासाची शिकवण देणाऱ्या पुस्तिकेत) मूर्तीबद्दलची आज्ञा पहिल्या आज्ञेतच धरली आहे आणि लोभाबद्दलच्या दोन वेगळ्या मोजल्या आहेत. त्यामुळे 'खून करू नको' ही आपल्याकडे पाचवी येते. मेथॉडिस्ट किंवा उत्तर भारत चर्चमध्ये वाढलेल्या मराठी माणसाच्या तोंडी ती सहावी असते. कन्फर्मेशनच्या (मुलांना विश्वासात पक्कं करण्याच्या विधीच्या) वर्गात यावरून एका आईला सगळ्यांसमोर 'चुकलात' असं सांगितलेलं मी पाहिलं आहे. ती चुकली नव्हती.

अक्षर मोठं ठेवा. चष्मा विसरून आलेल्या माणसालाही वाचता आलं पाहिजे.

४. शनिवार: रस्ता, जागा, निरोप

रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर बहुतेक वेळा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) असतो, साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत. कुठला पट्टा बंद आहे ते शनिवारी संध्याकाळी बघा आणि व्हॉट्सअॅपवर एकच निरोप पाठवा. त्यात चार गोष्टी हव्यात: वेळ, स्टेशन व बाजू (पूर्व की पश्चिम), फाटकाजवळची ठळक खूण आणि ब्लॉकमुळे कुठून यायचं ते. सुंदर फुलांच्या चित्रावर वचन लिहून पाठवलेला निरोप छान असतो, पण त्यातून रस्ता कळत नाही.

मुंबईत अनेक मंडळ्या दुसऱ्यांच्या चर्चमध्ये किंवा शाळेच्या हॉलमध्ये भरतात, म्हणून भक्ती दुपारी चार-पाचला असते. बाहेरची पाटी वेगळ्याच नावाची असते. नव्या माणसाला फाटकावरचा वॉचमन 'इथे असं काही नाही' म्हणून परत पाठवतो. वॉचमनला आधी सांगून ठेवा आणि मंडळीच्या नावाचा फलक रस्त्यावरून दिसेल असा लावा.

पावसाळ्यात दाराशी छत्र्यांसाठी दोन बादल्या आणि एक जाड पायपुसणं. चपला बाहेर काढायच्या की नाहीत तेही लिहून लावा. डोक्यावर पदर घ्यायचा की नाही यावर मात्र काहीच लिहू नका. कुणी घेतं, कुणी घेत नाही, आणि दारावरच्या बाईनं दुसऱ्या बाईच्या डोक्याकडे बघू नये.

५. रविवार, दारात

दारावर दोन माणसं हवीत, एक नाही. एक दारातच राहतो, दुसरा पाहुण्याबरोबर आत जाऊन त्याला बसवतो, कागद देतो, आकड्यांचा फळा दाखवतो आणि शेजारच्याची ओळख करून देतो. एकच माणूस असला की तो पाहुण्याला हातानं 'आत जा' असं दाखवतो, आणि पाहुणा शेवटच्या बाकावर जाऊन बसतो.

पहिला शब्द त्यांच्या भाषेतला असू द्या. दारावरच्या माणसाला चार अभिवादनं आली पाहिजेत: झारखंडकडच्यांना 'यीशु सहाय', तमिळ माणसाला 'स्तोत्रम', तेलुगू माणसाला 'वंदनालु', मराठी माणसाला 'जय ख्रिस्त'. कोण कुठलं हे चेहऱ्यावरून ठरवू नका. आधी आपल्या भाषेत बोला, उत्तर ऐका, मग त्यांचा शब्द वापरा. 'दादा', 'ताई', 'अण्णा', 'अक्का', 'दीदी' यांतलं जे नैसर्गिक येईल ते चालतं. मोठ्यांना 'अहो', आणि घरकाम करणाऱ्या मुलीलाही 'तुम्ही'. तिला आठवडाभर सगळे 'ए' म्हणतात.

दारात हे विचारू नका: 'आडनाव काय?' मराठीत हा प्रश्न जातीचा असतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी ऐकणाऱ्याला तो तसाच ऐकू येतो. 'गाव कुठलं?' हाही पहिल्या दिवशी नको. 'ख्रिस्ती कधी झालात?' हा तर कधीच नको. तो माणूस पाहुणा म्हणून आला आहे. त्याला बसायला जागा द्यायची, त्याच्याकडून काही कबूल करून घ्यायचं नाही. विचारायचंच असेल तर 'यायला त्रास झाला का?' हे विचारा. मुंबईत या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे असतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. अंधेरीकडे एका घरी राहून काम करणारी झारखंडची मुलगी आली होती. मी उत्साहानं तिचं नाव चिठ्ठीवर लिहून पुढे दिलं आणि माइकवरून तिला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, सगळे वळून बघत होते, तिनं मान वर केली नाही. पुढच्या रविवारी आली नाही. काही महिन्यांनी स्टेशनवर भेटली तेव्हा म्हणाली, 'दीदी, सबने मुझे देख लिया.' तिच्या मालकिणीची मैत्रीण त्या हॉलमध्ये असेल अशी भीती तिला वाटली होती. तेव्हापासून आमच्याकडे कुणालाही उभं करत नाहीत.

६. उपासना चालू असताना

शेजारी बसलेल्यानं फक्त एवढंच करायचं: भाग बदलला की कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवायचं. कानात समजावून सांगत बसायचं नाही. शांतीचं अभिवादन करताना हात जोडले की पुरे. बायकांशी हस्तांदोलन करायला पुढे जाऊ नका. अर्पणाची थैली येण्याआधी एकदा सांगा की पाहुण्यांनी काही घालण्याची गरज नाही, आणि थैली त्यांच्यापुढे धरून थांबू नका.

आता प्रभुभोजन. सगळ्यात जास्त जखमा इथे होतात.

ल्युथरन विश्वासाप्रमाणे भाकर आणि द्राक्षारस यांच्यामध्ये, यांच्यासह ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर दिलं जातं. त्यामुळे कुणी यायचं याबद्दल मंडळी गंभीर असते, आणि सगळ्या ल्युथरन मंडळ्यांचा नियम एक नाही. काही ठिकाणी ल्युथरन शिकवण घेतलेल्यांनाच बोलावतात, काही ठिकाणी कुठल्याही मंडळीत बाप्तिस्मा झालेल्या विश्वासूला. तुमचा नियम पाळकांना विचारून घ्या, तो तीन साध्या वाक्यांत लिहून काढा आणि कागदाच्या पहिल्याच पानावर छापा. पाळकांनीही वेदीकडे वळण्याआधी तो हिंदीत एकदा बोलावा. जे घेणार नाहीत त्यांनी हात छातीवर आडवे धरून पुढे यावं, त्यांना आशीर्वाद मिळेल, हेही त्यातच लिहा. बसून राहिलं तरी चालतं, हेसुद्धा.

पुढे आलेल्या माणसाला कठड्यापाशी अडवणं ही अक्षम्य चूक आहे. अडवायचं असेल तर ते पहिल्या पानावर, शब्दांत. तिथपर्यंत आला म्हणजे आपलं सांगणं अपुरं पडलं.

एक पेला की छोटे पेले, भाकर हातात की तोंडात, हेही लिहा. छोटे पेले असतील तर रिकामे कुठे ठेवायचे तेसुद्धा, नाहीतर माणूस पेला हातात धरून परत बाकावर येतो.

तपासा: कागद हातात घेऊन, मंडळीची भाषा न येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला शनिवारी पूर्ण क्रम चालून दाखवायला सांगा. तो जिथे अडतो तिथे पाहुणाही अडेल.

७. भक्ती सुटल्यावरची पंधरा मिनिटं

चहा, वडा, जे असेल ते. शाकाहारी पदार्थ वेगळ्या भांड्यात ठेवून त्यावर लिहा. या पंधरा मिनिटांत मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीची मीटिंग घेऊ नका आणि अर्पण मोजायला सहा माणसं आत पाठवू नका. दोन पुरेत. आमच्याकडे अगदी असंच होत असे: बोलकी, ओळखी असलेली माणसं आतल्या खोलीत आणि पाहुणा चहाचा कप घेऊन भिंतीशी.

फोन नंबर मागताना कशासाठी ते सांगा, 'मेगाब्लॉक असला की कळवू.' नाही म्हणाले तर विषय सोडा. न विचारता ग्रुपमध्ये घालू नका. ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो, आणि एकट्या राहणाऱ्या मुलीसाठी ही छोटी गोष्ट नाही.

ट्रेन गाठायची असेल त्याला थांबवू नका.

८. पुढचा आठवडा आणि पुढचे रविवार

दारातून आत घेऊन गेलेल्याच माणसानं मंगळवारपर्यंत एक फोन करायचा. दोन मिनिटांचा. घरकाम करणाऱ्यांना कुठल्या वेळी बोलता येतं ते आधी विचारून ठेवलेलं असावं. घरी भेटायला जाणं बोलावलं तरच. राहून काम करणारीला स्वतःचं घर नसतं. तिला बागेत किंवा स्टेशनजवळ भेटा, दोन बायकांनी मिळून.

आठवड्यातली घरप्रार्थना एकाच भागात ठेवू नका. एक आठवडा चेंबूर, एक आठवडा कल्याण असं फिरवा आणि रात्री नऊला संपवा, कारण सोसायटीत शेजारी आहेत आणि परतीचा प्रवास आहे. गाणी हळू आवाजात. घरप्रार्थनेत बोलायची भाषा साधी हिंदी, प्रार्थना ज्याच्या त्याच्या भाषेत.

तिसऱ्या रविवारी नव्या माणसाला एक काम द्या. कागद वाटणं, आकड्यांचा फळा, चहाचे कप. पाठ वाचायला लगेच देऊ नका, पण काम द्या. हातात काम असलेला माणूस चौथ्या रविवारी येतो.

सभासदत्वासाठी रांची, गुंटूर किंवा तिरुचिरापल्लीकडच्या मंडळीचं पत्र आणि बाप्तिस्म्याची नोंद लागते. ती पहिल्या महिन्यात मागू नका. मागाल तेव्हा अर्ज तुम्हीच लिहून द्या आणि तिकडच्या पाळकांना तुमच्या पाळकांकडून पाठवा. गावाकडच्या ऑफिसला पत्र कसं लिहायचं हे माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं 'पाहुणे' म्हणून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

सणांना भाषेचे वाद वर येतात: नाताळ, 31 ऑक्टोबरचा धर्मसुधारणा दिन, कापणीचा सण. गाण्यांची यादी महिनाभर आधी सगळ्या भाषागटांच्या प्रत्येकी एका माणसासोबत बसून करा आणि ती लिहून भिंतीवर लावा. भिंतीवर लागलेल्या यादीबद्दल कमी भांडणं होतात.

कुणी सलग तीन रविवार आलं नाही तर एकच फोन, त्याच माणसाकडून, आणि त्यात फक्त तब्येत आणि कामाची विचारपूस. 'का येत नाही' हा प्रश्न नाही. एखादीनं सांगितलं की कामाचं घर बदललं, आता जवळच दुसरी मंडळी सापडली आहे, तर तिला त्या पाळकांचा नंबर विचारा आणि तिचं पत्र तिकडे पाठवून द्या.